गावाकडच्या घरासाठी राउटर घेताना या चुका टाळा

बहुतेकांची फसगत दुकानात पाऊल ठेवण्याआधीच झालेली असते, कारण घरात येणारे कनेक्शन कोणत्या प्रकारचे आहे याची चौकशी न करताच ते यवतमाळ किंवा अकोल्याच्या बाजारात जातात आणि खोक्यावरचा मोठा आकडा पाहून राउटर घेऊन येतात. कनेक्शन फायबरचे असेल, तर काचेची बारीक तार आधी ओएनटी नावाच्या पेटीत येते आणि साधा राउटर त्या पेटीला लॅन केबलने जोडावा लागतो. फायबरची पिन त्याच्यात थेट बसत नाही. अनेक ओएनटींमध्ये वायफाय असतेच, त्यामुळे ते घरभर पुरत असेल तर वेगळा राउटर घेण्याचे कारण उरत नाही. फायबर न पोहोचलेल्या गावात सिमकार्डवर चालणारा राउटर घेताना, ज्या कंपनीची रेंज घरात चांगली येते तिचे बँड (रेडिओ लहरींचे ठरावीक पट्टे) तो पकडतो का, हे विचारून घ्यावे. बीएसएनएलच्या ४जी सेवेत ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ वापरला जातो. कमी वारंवारितेमुळे हा बँड लांबपर्यंत पोहोचतो, पण जुन्या आणि स्वस्त राउटरमध्ये तो अनेकदा नसतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांविषयी. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ एमबीपीएस (वेगाचे एकक) यांची ढोबळ बेरीज असते, आणि तो वेग कोणत्याही एका मोबाइलला मिळत नाही. आपला प्लॅन ४० किंवा ५० एमबीपीएसचा असेल, तर महागडा राउटर लावून तो वाढणार नाही. मात्र प्लॅन २०० एमबीपीएसचा असेल आणि राउटरचे पोर्ट (केबल खोचायच्या जागा) १०० एमबीपीएसचेच असतील, तर निम्मा वेग पोर्टवरच अडतो. अँटेनांच्या संख्येवरून रेंज ठरवणेही चुकीचे आहे, कारण राउटरचा सिग्नल मोबाइलपर्यंत पोहोचला तरी मोबाइलचा क्षीण सिग्नल राउटरपर्यंत परत पोहोचावा लागतो.

जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पुष्कळ शोषून घेतात आणि टिनाचे पत्रे तो परतवून लावतात. म्हणून २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा राउटर घ्यावा, तो घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीपेक्षा थोडा वर ठेवावा आणि मागच्या खोल्यांसाठी २.४ गिगाहर्ट्झ वापरावा. तरीही पडवीत सिग्नल येत नसेल, तर स्वस्त रिपीटरऐवजी (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र) लॅन केबल ओढून दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायफाय देणारी दुसरी जागा म्हणून, लावणे माझ्या मते कधीही चांगले, कारण एकाच बँडवर चालणाऱ्या रिपीटरमुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो.

विदर्भात राउटरचे खरे शत्रू आहेत ते ऊन आणि वीज. घरगुती राउटर साधारण ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूर या भागांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो; टिनाच्या छताखाली, बंद कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेल्या राउटरभोवती तर तापमान त्याहून अधिक होते. दुपारी नेट वारंवार तुटत असेल आणि रात्री सुरळीत चालत असेल, तर कंपनीकडे तक्रार करण्याआधी राउटर हाताला चटका देण्याइतका तापतो का, हे पाहावे. मात्र थंडावा मिळावा म्हणून तो कूलरच्या झोतात ठेवू नये; ओलसर हवा आत जाऊन पिना गंजतात.

लाइन गेल्यावर नेट टिकावे म्हणून मिनी यूपीएस (राउटरसाठीची छोटी बॅटरी) घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचणे अत्यावश्यक आहे. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्ट दिले तर तो सारखा बंद-चालू होतो. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील, तर दोघांनाही बॅकअप लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या, की नुसते बटण बंद न करता अडॅप्टर बोर्डातून उपसून काढावा आणि खांबावरून लॅन केबल घरात आलेली असेल तर तीही काढावी, कारण तांब्याच्या तारेवाटे येणारा विजेचा झटका पोर्ट निकामी करतो.

नेट बंद पडले की राउटर खराब झाला असे लगेच ठरवू नये. ओएनटीवर ‘लॉस’चा (LOS, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल, तर फायबर बहुधा कुठेतरी तुटले किंवा वाकले आहे आणि नवा राउटर आणूनही उपयोग होणार नाही. दिवे ठीक असतील, तर लॅपटॉप लॅन केबलने ओएनटीला जोडून पाहावा; तिथे वेग नीट मिळाला, तरच दोष राउटरचा किंवा वायफायचा समजावा. शेजारीपाजारी वायफाय वाढले असेल, तर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळे चॅनल निवडावे.

नव्या राउटरचा ‘ॲडमिन’सारखा मूळ पासवर्ड बदलावा आणि वायफायच्या सुरक्षेसाठी सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ ही पद्धत निवडावी. पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटीचे काम जिल्ह्याच्या ठिकाणी होते की नागपूरलाच जावे लागते, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. रिसेटच्या छिद्रात पिन घालण्याआधी कनेक्शनचे पीपीपीओई (इंटरनेट कंपनीने दिलेले लॉगिन) नाव आणि पासवर्ड लिहून ठेवावेत. रिसेट केल्यावर ते पुसले जातात आणि ते पुन्हा भरेपर्यंत नेट सुरू होत नाही.