मूट कोर्टचं मेमोरियल: पैसे न भरता शोध कसा घ्याल

मूट कोर्ट म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांची सराव-न्यायालयाची स्पर्धा, आणि मेमोरियल म्हणजे त्यात द्यायचा लेखी युक्तिवाद. त्यासाठी कॉलेजकडे निकालांच्या महागड्या डेटाबेसचं सदस्यत्व नसेल तर अडून बसू नका. आधी इंडियन कानून या निकालांच्या मोफत संकेतस्थळावर मुद्दा शोधा. नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकला की निम्मा कचरा गळतो. निकाल सापडला की तो पुढे कोणत्या निकालांत उद्धृत झालाय ते बघाच, ही पायरी गाळायची नाही. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा एडीएम जबलपूर निकाल आजही जसाच्या तसा वाचायला मिळतो, पण २०१७ मध्ये पुट्टस्वामी या खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो चुकीचा ठरवला. एडीएम जबलपूरमधल्या बहुमताचा आधार घेऊन उभे राहिलात तर पहिल्याच प्रश्नाला गारद व्हाल. त्याच निकालातलं न्या. खन्नांचं भिन्नमत मात्र आवर्जून वाचा.

मग तोच निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर पोर्टलवर उघडा. ते मोफत आहे, आणि परिच्छेद क्रमांक तिथूनच घ्या. सुरुवातीचा सारांश म्हणजे निकाल नव्हे, त्यातलं वाक्य न्यायालयाच्या तोंडी घालू नका. काही निकालांचे मराठी अनुवादही तिथे आहेत. गुंतागुंतीचा युक्तिवाद डोक्यात बसवायला ते फार कामी येतात, उद्धृत मात्र मूळ इंग्रजीच करा. कायद्याच्या कलमांसाठी इंडिया कोड हे सरकारी संकेतस्थळ पुरेसं आहे.

तोंडी फेरीची तयारी करताना घटनापीठाच्या सुनावण्या यूट्यूबवर बघा. सप्टेंबर २०२२ पासून त्यांचं थेट प्रक्षेपण होतं. न्यायमूर्तींनी मध्येच अडवल्यावर ज्येष्ठ वकील आधी उत्तर देतात आणि मगच आपल्या मुद्द्यावर परततात, तेवढंच पुन्हापुन्हा ऐका.