खाणावळीचा खाडा आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे सत्र

संगणक अभियांत्रिकीच्या पदवीत साधारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हा विषय येतो. व्याख्या, आकृत्या आणि निरनिराळ्या मॉडेलांचे फायदे-तोटे परीक्षेआधी चार दिवस वाचले की गुण मिळतात, असे वरच्या वर्गातले विद्यार्थी सांगतात, आणि गुण मिळतातही. मीही हा विषय तसाच उरकला होता. पुढे नोकरीच्या पहिल्या वर्षी, कोणीतरी लिहून सोडून दिलेल्या आणि कसलीही नोंद नसलेल्या कोडमध्ये एक लहानसा बदल करायला मला तीन आठवडे लागले, तेव्हा वर्गात आपल्या हातून काय निसटले होते ते कळले. प्रोग्राम कसा लिहावा हे इतर विषय शिकवतात. लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती कसा सोपवावा आणि गरजा बदलत गेल्या तरी तो कसा टिकवावा, हे हा विषय शिकवतो. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की पहिल्याच आठवड्यात एक खरा वापरकर्ता शोधावा आणि पुढचे प्रत्येक प्रकरण त्याच्या कामावर लावून पाहावे.

ग्रंथालय व्यवस्थापन किंवा रुग्णालय व्यवस्थापन हे नेहमीचे प्रकल्प शक्यतो घेऊ नयेत, कारण त्यांचे दस्तऐवज आधीच्या तुकडीकडून तयार मिळतात आणि शंका विचारावी असे माणूस समोर नसते. पुण्यासारख्या शहरात घरापासून दूर राहून शिकणाऱ्यांना खाणावळीइतका चांगला प्रकल्प दुसरा नाही. तिथे महिन्याचे पैसे आगाऊ दिले जातात, जेवायला न आलेल्याचा खाडा वहीत मांडला जातो आणि महिनाअखेरीस त्यावरून हमखास वाद होतात. हा हिशेब दिसतो सोपा, पण तो कागदावर उतरवू लागले की गरजांचे विश्लेषण म्हणजे काय ते समजते.

समजा, खाणावळीच्या मावशींनी सांगितले की तीन दिवसांच्या वर खाडा असेल तरच पैसे वजा होतात. बहुतेक विद्यार्थी हे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतात आणि तीनपेक्षा जास्त अशी अट कोडमध्ये घालतात. त्याऐवजी लगेच विचारावे, ‘मावशी, बरोबर तीनच दिवस गेला तर?’ उत्तर येते, ‘तीन दिवसांचा धरतेच की रे मी!’ म्हणजे त्यांच्या बोलण्यात ‘तीनच्या वर’ याचा अर्थ तीन धरून वर असा होता. मग पुढचा प्रश्न विचारावा: सोमवारी सकाळी जेवून गावी गेलेला मुलगा गुरुवारी रात्री पानावर बसला, तर खाडा किती? मावशी बोटांवर मोजतात आणि सहा वेळा सांगतात, कारण त्या दिवस मोजत नसून वेळा मोजतात. रविवारी रात्री खाणावळ बंद असते, तेव्हा रविवारची एकच वेळ पूर्ण दिवस धरायची की अर्धा? खाडा तीस तारखेला सुरू होऊन पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला संपला, तर तो कोणत्या महिन्याच्या पैशांतून वजा करायचा? अर्ध्या तासाच्या बोलण्यात एका वाक्याचे पाच नियम होतात, आणि त्यातला एकही नियम त्यांनी आपणहून सांगितलेला नसतो, कारण वीस वर्षांच्या सवयीने तो त्यांना सांगण्यासारखा वाटतच नाही.

हे नियम एसआरएसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गरजा नोंदवणाऱ्या दस्तऐवजात, क्रमांक घालून लिहावेत आणि प्रत्येक नियमापुढे तो पाळला गेला की नाही हे कसे तपासणार तेही लिहावे. ‘प्रणाली वापरायला सोपी असावी’ हे वाक्य तपासता येत नाही, म्हणून ती गरज होत नाही. ‘एका सदस्याचा खाडा मावशींना तीन टप्प्यांत नोंदवता यावा’ हे तपासता येते. लिहिलेला मसुदा मावशींना वाचून दाखवावा. मी ज्या ज्या गटांना हे करायला लावले, त्या प्रत्येकाला वाचून दाखवताना किमान एक चूक सापडली.

विकासाच्या मॉडेलांवर, म्हणजे कामाचे टप्पे कसे घ्यायचे याच्या आराखड्यांवर, फार वेळ घालवू नये, मात्र त्यांचा इतिहास जाणून घ्यावा, म्हणजे ती पाठ करावी लागत नाहीत. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेने या विषयाला नाव मिळवून दिले, कारण मोठी सॉफ्टवेअरे तेव्हा वेळेवर आणि ठरल्या खर्चात पूर्ण होत नव्हती. धबधबा (वॉटरफॉल) म्हणून शिकवली जाणारी, एक टप्पा संपला की पुढचा घेण्याची आकृती विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या निबंधात आहे, पण नुसते असे एकामागून एक टप्पे घेणे धोक्याचे आहे, हे त्यांनी त्याच निबंधात बजावले होते. आपल्या प्रकल्पासाठी दर दोन आठवड्यांनी वापरून पाहता येईल असे काहीतरी मावशींच्या हातात ठेवावे, इतके पुरे आहे.

आकृत्यांमध्ये यूज केस (कोण काय काम करतो), क्लास (प्रोग्रामचे भाग आणि त्यांची नाती) आणि सिक्वेन्स (कामाचा क्रम) या तिघींवर हात बसवावा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: उद्या मावशींनी तीन दिवसांची अट दोन दिवसांवर आणली, तर किती फाइली उघडाव्या लागतील? उत्तर एक असेल, तर कोहेजन (एका भागात एकाच कामाचा कोड असणे) आणि कपलिंग (भागांचे एकमेकांवर अवलंबून असणे) या संकल्पना तुम्हाला समजल्या आहेत. उत्तर पाच असेल, तर खाड्याचा नियम स्क्रीनच्या कोडमध्ये, बिलाच्या कोडमध्ये आणि डेटाबेसमध्ये सांडलेला आहे, आणि तो आताच एका ठिकाणी गोळा करायला हवा.

गट चार जणांचा असेल, तर एकमेकांशी बोलण्याच्या सहा वाटा होतात. आठ जणांचा झाला की त्या अठ्ठावीस होतात. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडलेले निरीक्षण या हिशेबावरही उभे आहे. म्हणून कामे वाटताना कोण कोणाला काय देणार हे लिहून ठेवावे आणि पहिल्या दिवसापासून गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन, वापरावे. प्रत्येकाने आपले कमिट (बदलाची नोंद) आपल्याच नावाने करावे आणि संदेशात ‘बदल केला’ असे न लिहिता ‘रविवारची वेळ पूर्ण दिवस धरली’ असे लिहावे. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच लॅपटॉपवरून सगळे अपलोड करणाऱ्या गटातले तिघे जण या विषयातले काहीही न शिकता पुढच्या वर्गात जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चाचण्या कोड लिहिण्याआधी लिहाव्यात. तीन दिवसांची, म्हणजे सहा वेळांची अट असेल, तर पाच, सहा आणि सात या तिन्ही संख्या तपासाव्यात, कारण चुका सीमेवर दडतात. त्यानंतर महिनाअखेर, रविवार आणि फेब्रुवारी तपासावा. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि नष्ट झाले. एरियन-४ साठी लिहिलेला कोड त्यात पुन्हा वापरला होता आणि त्यात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात होती. जुन्या रॉकेटच्या वेगाला ती बसत असे, नव्याच्या वेगाला बसली नाही. वर्षानुवर्षे चालत आलेला कोड नव्या परिस्थितीत पुन्हा तपासावा लागतो, हे या उदाहरणाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

लेखी परीक्षेसाठी खर्चाच्या अंदाजाचे गणित मात्र हाताने सोडवावे. बॅरी बोएम यांच्या १९८१ च्या मूळ कोकोमो मॉडेलमध्ये साध्या प्रकल्पाचे श्रम २.४ गुणिले हजार ओळींचा १.०५ वा घात असे काढतात. दहा हजार ओळींसाठी ते सुमारे २७ मनुष्य-महिने (एका माणसाचे एका महिन्याचे काम म्हणजे एक) येतात आणि कालावधी पावणेनऊ महिन्यांच्या आसपास येतो. घातांक एकापेक्षा मोठा आहे, म्हणजे ओळी दुप्पट केल्या की श्रम दुपटीहून जास्त वाढतात. तोंडी परीक्षेत हे कारण सांगता आले पाहिजे. वर्गातले एखादे प्रकरण समजले नाही, तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी खरगपूरच्या प्रा. राजीब मॉल यांची या विषयावरची व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत.

शेवटच्या दोन आठवड्यांत आपला प्रकल्प दुसऱ्या गटाला द्यावा आणि त्यांचा आपण घ्यावा. खाड्याची अट तीन दिवसांवरून दोन दिवसांवर आणा, एवढेच त्यांना सांगावे, एक तास द्यावा आणि शेजारी बसून तोंड बंद ठेवावे. ते जिथे जिथे अडले, ज्या फाइलीत चुकून शिरले आणि ज्या नावाने त्यांची दिशाभूल झाली, ते सर्व वेळेसह टिपून ठेवावे आणि अहवालाचे शेवटचे प्रकरण म्हणून जोडावे.