चढाच्या पायथ्याशी डबे सुटायचे, वर इंजिनाची चाकं घसरायची

माझा खेळण्यातल्या छोट्या रेल्वेचा (मॉडेल रेल्वे) लेआउट एन स्केलचा, म्हणजे रुळांतलं अंतर ९ मिमी. खालच्या रुळावरून पूल न्यायचा तर ५० मिमी उंची हवी. ती मी १ मीटरमध्येच गाठली होती. सपाट रुळावर गाडी छान धावायची, चढ लागला की मागचे दोन डबे कपलिंगमधून सुटायचे आणि पुढं इंजिन जागेवरच चाकं फिरवायचं. रूळ स्पिरिटनं पुसले, वजन वाढवायला इंजिनात शिसं भरलं, कंट्रोलर पूर्ण फिरवला. दोन रविवार वाया गेले.

डोकं चाललं ते कॅसलरॉक घाटामुळं. आपल्या लोंढ्यापलीकडच्या, गोव्याकडं उतरणाऱ्या त्या रेल्वे घाटात चढ ३७ला १ आहे (३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर) आणि तिथंही गाडीला जादा इंजिनं लागतात. माझा चढ होता २०ला १!

मग सगळं उपटलं. खानापूरच्या सुताराकडून ४ मिमी प्लायची सव्वादोन मीटरची सलग पट्टी आणली (जोडपट्टी नको, जोडाशीच कोन पडतो). दर २० सेंमीवर खांब, एकूण ११. पहिला फक्त २ मिमी उंच. पुढचे नऊ प्रत्येकी ५ मिमीनं वाढत ४७ पर्यंत, शेवटचा ५०. पायथ्याला आणि माथ्याला हा हळुवार बाक आला, तेव्हाच डबे सुटायचे थांबले. पट्टी आधी फक्त स्क्रूनं धरा, गाडी दहा फेऱ्या फिरवा, मगच फेविकॉल. रुळाचा जोड पहिल्या दोन खांबांमध्ये येऊ देऊ नका.

आता सहा डबे चढतात. सातवा अजून रडतो.