पेशीविभाजनाच्या संशोधनात नव्याने येताना

दरवर्षी मे महिन्यात एम.एस्सी.ची दोन-चार मुलंमुली उन्हाळी प्रकल्पासाठी आमच्या लॅबमध्ये येतात. बहुतेकांच्या वहीत पेशीचक्राची मोठी आकृती असते. सायक्लिन, पी५३, आरबी, शंभरेक बाण, सगळं तोंडपाठ. मीही अशीच आले होते. आकृती बरोबरच असते, पण सुरुवात तिथून केली तर विषय हाती लागत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी तीनच प्रथिनांची नावं देते: सीडीके१, वी१, सीडीसी२५.

सीडीके१ पेशीला विभाजनात ढकलतं. वी१ त्याच्यावर फॉस्फेट चिकटवून त्याला रोखून धरतं आणि सीडीसी२५ ते फॉस्फेट काढून त्याला मोकळं करतं. मोकळं झालेलं सीडीके१ मग सीडीसी२५ला आणखी जोर देतं आणि वी१ला गप्प बसवतं. विजेचं बटण अर्धवट दाबून दिवा अर्धा लागत नाही, तशी पेशीही अर्धवट विभाजनात शिरत नाही, ती या वेटोळ्यामुळे. हे एवढं पक्कं झालं की बाकीचे बाण हळूहळू आपापल्या जागी बसतात.

हे कळलं कसं, ते मात्र नीट वाचा. पाठ्यपुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात, आणि खरं शिकण्यासारखं तिथेच आहे. १९७०च्या दशकात पॉल नर्स एडिंबरामध्ये पॉम्बे यीस्टवर काम करत होते. हे यीस्ट मुळात पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमधलं. पेशी दांडीसारखी, टोकांनी लांब होत जाते आणि साधारण १४ मायक्रॉनला मधोमध दुभागते. त्यामुळे पेशीची लांबी बघून ती चक्रात कुठे आहे याचा अंदाज येतो. विभाजन अडलेले म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेल्या पेशी, तेव्हा बरेच माहीत होते. पण चाक काढलं तर गाडी थांबणारच, म्हणून चाक गाडी हाकतं असं होत नाही. नर्स यांना अर्ध्या लांबीलाच विभागणाऱ्या पेशी सापडल्या. स्कॉटिश बोलीत ‘वी’ म्हणजे चिमुकला, त्यावरून जनुकाचं नाव वी१. असे पन्नासेक म्युटंट गोळा झाले, आणि एक सोडून सगळ्यांत वी१च बिघडलेलं निघालं. उरलेल्या एकाच्या प्लेटवर बुरशी आली होती. त्यांनी ती टाकूनही दिली होती, मग परत जाऊन उचलून आणली. त्यातला बदल सीडीसी२ या जनुकात होता, ज्याला आज आपण सीडीके१ म्हणतो. एका प्रकारे बिघडलं तर विभाजन थांबतं, दुसऱ्या प्रकारे बदललं तर लवकर होतं. म्हणजे लगाम याच्याच हातात. १९८७मध्ये माणसाचं तेच जनुक यीस्टच्या म्युटंटमध्ये घातलं, तर यीस्ट विभागायला लागलं. ‘कॅन्सरवर काम करते म्हणतेस आणि रोज यीस्टच वाढवतेस?’ असं आईने विचारलं तेव्हा मी तिला हीच गोष्ट सांगितली. सीडीके१च्या भावंडांना, सीडीके४ आणि ६ यांना, रोखणारं पाल्बोसायक्लिब हे औषध २०१५पासून स्तनाच्या कर्करोगात वापरलं जातंय.

आता माझी चूक, कारण ती तुमच्याही वाट्याला येऊ शकते. सीडीसी२५चा जो म्युटंट आम्ही वापरतो तो २५ अंशांना वाढतो आणि ३६ला अडतो. चार तास ३६ला ठेवून परत २५ला आणला की सगळ्या पेशी एकदम विभाजनात शिरतात. मी त्यात आणखी एक जनुक काढून टाकलं, तर पेशी ३६लाही विभागत राहिल्या. दोन महिने मी नवा शोध लागल्याच्या आनंदात होते. सरांनी आकडे पाहिले आणि एकच विचारलं, “फ्लास्कमध्ये थर्मामीटर घालून बघितलंस का?” वॉटर बाथचा आकडा ३६ दाखवत होता, पण पाणी आटून खाली गेलं होतं आणि आतलं कल्चर, म्हणजे वाढणारं यीस्ट, ३३च्या वर जात नव्हतं. त्या रात्री मला खूप रडू आलं. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात शेजारी नुसत्या सीडीसी२५ म्युटंटचा फ्लास्क असतोच. तो अडला नाही, तर बाकी काही मोजायचंच नाही.

गणिताला घाबरू नका, हे मी जीव तोडून सांगते. १९९३मध्ये नोव्हाक आणि टायसन या शास्त्रज्ञांनी समीकरणांवरून भाकीत केलं की विभाजनात शिरायला जेवढं सायक्लिन (सीडीके१ला चालू करणारं जोडीदार प्रथिन) लागतं, त्यापेक्षा त्यात टिकून राहायला कमी लागेल. बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात ते २००३मध्ये प्रयोगाने दिसलं. नुसते बाण बघून हे कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही. बारावीनंतर गणित सुटलं असेल तरी चालेल. कोपासी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात वरच्या तीन प्रथिनांची समीकरणं मांडा आणि एकेक आकडा बदलून बघा.

डेटाबेसबद्दल थोडंसं. पॉम्बे यीस्टच्या जनुकांसाठी पॉम्बेस आहे, त्यातल्या नोंदी विश्वासाने वापरा. स्ट्रिंग या प्रथिनांमधले संबंध दाखवणाऱ्या डेटाबेसमधल्या रेघा मात्र जपून. तिथे दोन प्रथिनांमध्ये रेघ दिसली म्हणजे ती एकमेकांना चिकटतात असं नसतं. कधी कधी ती नावं शोधनिबंधांत बरोबर येतात एवढंच असतं. रेघेवर क्लिक करून पुरावा कसला आहे ते बघा.

पीएचडीसाठी नेट-जेआरएफ, गेट, टीआयएफआरची प्रवेश परीक्षा हे रस्ते तुम्हाला ठाऊकच असतील. महाराष्ट्रात खारघरचं ॲक्ट्रेक (कर्करोग संशोधन केंद्र), पुण्यातलं आयसर आणि एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र) इथल्या लॅबची कामं वाचा. ईमेल करताना ‘मला संशोधनाची आवड आहे’ एवढंच लिहू नका. त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातली एक आकृती निवडा आणि तिच्यापुढचा प्रयोग तुम्ही कोणता केला असता ते चार ओळींत लिहा. अशी ईमेल मी स्वतः दोनदा वाचते.

आणि आमच्याकडे आलात, तर दुसऱ्या आठवड्यात मी एक प्रश्न विचारणार: सीडीसी२५ बिघडलेल्या पेशीत वी१ही बिघडवलं तर ३६ अंशांना काय होईल? उत्तर आधी वहीत लिहायचं, मग दोन्ही कल्चर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पहिल्या स्लाइडवर नुसत्या सीडीसी२५ म्युटंटच्या पेशी, विभाजन न होता लांबच लांब वाढलेल्या. दुसरीवर आखूड पेशी, आणि कितीतरी पेशींच्या मधोमध नव्या भिंतीची लख्ख उजळ रेघ.