‘एकोण’ ऐकलं की आधी नऊ

‘एकोणतीस’ सांगितलं की दुसरीतली मुलं हमखास ३९ लिहितात, कारण कानात ‘तीस’ घुमत राहतं. दादरच्या आमच्या वर्गात हे लागू पडलं:

१. पाटीवर दोन घरं आखा.
२. ‘एकोण’ कानावर पडताच उजव्या घरात ९. पुढचा शब्द ऐकायच्या आत!
३. मग ‘तीस’ ऐकून एक दशक मागे, म्हणजे वीस. डाव्या घरात २.

एक मुलगी तर ‘एको...’ म्हणताच खडू टेकवते, इतकी सवय झाली. घरी जाताना बेस्टच्या स्टॉपवर पालकांनीही पाचेक आकडे विचारावेत, खूप फरक पडतो.

फक्त ९९ सांभाळा: तो ‘नव्व्याण्णव’, तिथे ‘एकोण’ नाही. ८९ मात्र एकोणनव्वद आणि नव्याऐंशी, दोन्ही सांगा.