22 फाइली आणि स्लोव्हाक अनेकवचन

लोकलायझेशनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर दुसऱ्या भाषांत नेण्याच्या कामात, नवा होतो तेव्हाची गोष्ट. पोलिशचं काम नुकतंच हातावेगळं केलं होतं. स्लोव्हाकही स्लाव्हिकच, दोन्हींकडे रूपं तीन, म्हणून पोलिश पीओ फाइलच्या (भाषांतरं ठेवायच्या फाइलच्या) हेडरमधली अनेकवचनाची ओळ, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणतं रूप हे सांगणारी, मी स्लोव्हाकमध्ये जशीच्या तशी डकवली. 1, 2, 5 टाकून पाहिलं, सगळं बरोबर. दोन दिवसांनी ब्रातिस्लाव्हातल्या भाषांतरकार बाईंकडून नुसता स्क्रीनशॉट आला: '22 सूबोरी'. खाली लाल रेघ.

सूबोर म्हणजे फाइल. 1 सूबोर, 2 ते 4 सूबोरी, 5 पासून पुढे सूबोरौ, शून्यालाही सूबोरौच. पोलिश शेवटचे अंक बघते, त्यामुळे तिथे 22, 23, 24 परत 2-4 च्या रांगेत जाऊन बसतात (12 ते 14 मात्र नाहीत). स्लोव्हाक अख्खी संख्या बघते. 22 असो की 102, सूबोरौच. माझ्या चाचणीत विसाच्या पुढचा एकही आकडा नव्हता, तिथेच फसलो.

नामापाठोपाठ क्रियापदही बदलतं. याचं मराठी माणसाला नवल नाही, आपणही 'फाइल हटवली, फाइली हटवल्या' म्हणतोच. पण स्लोव्हाकमध्ये ते तीन तऱ्हांनी होतं: 1 सूबोर बोल विमाज़ानी, 3 सूबोरी बोलि विमाज़ाने, 7 सूबोरौ बोलो विमाज़ानीख. पाचापासून क्रियापद चक्क नपुंसकलिंगी एकवचनात! डेव्हलपरने 'फाइली' आणि 'हटवल्या' असे तुकडे वेगळे पाठवले, तर तिथेच हरकत घ्या आणि अख्खं वाक्य मागा. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या.

खरी मेख अँड्रॉइडच्या कामात आहे. गेटटेक्स्टमध्ये, म्हणजे पीओ फाइली वापरणाऱ्या पद्धतीत, तीन रकाने असतात, इथे सीएलडीआरच्या (युनिकोडच्या भाषानियमांच्या संग्रहाच्या) नियमाने चार: वन, फ्यू, मेनी, अदर. पोलिशची सवय असलेला माणूस 'मेनी'त पाचाचं रूप भरतो. स्लोव्हाकमध्ये पाचाचं रूप 'अदर'मध्ये जातं. 'मेनी' आहे दशांशांसाठी, आणि तिथे षष्ठीचं एकवचन लागतं. युरोचं उदाहरण घ्या: 2 eurá, 5 eur, 1,5 eura (1,5 म्हणजे दीड, तिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम). 2 ला शेवटचा 'आ' दीर्घ, 5 ला तो गळतोच, आणि 1,5 ला परत येतो पण ऱ्हस्व. लिहिताना फरक त्या अक्षरावरच्या एका तिरक्या रेघेचा. स्क्रीनवर '1,0' दिसत असेल, तर तोही 'मेनी'तच.

आता स्लोव्हाक आलं की 0, 1, 2, 4, 5, 22, 102 आणि 1,5 टाकल्याशिवाय मी फाइल पुढे पाठवत नाही.

कधी कोडमध्ये अनेकवचनाची सोयच नसते आणि हाती एकच स्ट्रिंग, म्हणजे सगळ्या आकड्यांसाठी एकच ओळ, येते. तेव्हा आकडा वाक्याबाहेर काढायचा, हा तोडगा बाईंनीच दिला: 'विमाज़ाने सूबोरी: 22'. हटवलेल्या फाइली, अपूर्णविराम, आकडा. म्हणजे लाल रेघ ओढलेलं तेच 'सूबोरी', त्याच 22 शेजारी, आणि या वेळी बरोबर.