नावाजलेलं मूल सगळं सोडून घरी येतं तेव्हा

दहाव्या वर्षी मोठ्यांना बुद्धिबळात हरवणारं, व्हायोलिनवर हात बसलेलं किंवा दोन इयत्ता ओलांडून पुढे गेलेलं मूल अकादमी सोडून घरी आलं की घरातल्यांच्या ओठांवर एकच प्रश्न असतो: "आता पुढे काय?" पहिले चार आठवडे हा प्रश्न विचारू नका. उत्तर असतं तर मुलानं ते दारातच सांगितलं असतं. लहानपणापासून 'व्हायोलिनवाली' एवढीच ओळख मिळालेल्या मुलीला व्हायोलिन खाली ठेवल्यावर आपण कोण, हेच उमगत नाही. त्यात हा प्रश्न पडला की ती काहीतरी ठोकून देते आणि मग तेच निभावत बसते.

येण्याआधी

पदकं आणि कात्रणं भिंतीवर तशीच राहिली तर ती रोज जाब विचारतात. घाईनं लपवली तर घराला लाज वाटली असा अर्थ निघतो. म्हणून ती काढायची की ठेवायची हे मुलालाच ठरवू द्या. वाद्य पेटीत, हाताशी असावं, पण उशाशी नको. बरेच दिवस वाजणार नसेल तर गजाचे (बोचे) केस सैल करा. तारा मात्र किंचितच उतरवा. सगळ्या तारांचा ताण एकदम गेला तर घोडी आणि आतला साउंडपोस्ट (आधाराची लाकडी काडी) पडू शकतो, आणि मग कारागिराकडे जाणं आलं.

नातेवाइकांसाठी एक वाक्य ठरवा, तेही मुलाला विचारून. "सध्या घरी आहे, विश्रांती घेतोय" एवढं पुरतं. "तब्येत बरी नाही" असं खोटं सांगू नका, कारण ते खोटं पुढे मुलालाच वागवावं लागतं. समाजमाध्यमांवर काहीही टाकू नका. अमेरिकेतला असाच नावाजलेला मुलगा विल्यम सिडिस 1909 साली अकराव्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठात गेला. पुढे त्यानं साध्या कारकुनी नोकऱ्या पत्करून अज्ञातवास निवडला, तरी 1937 साली एका साप्ताहिकानं 'तो आता काय करतो' हे छापलंच. त्यानं दावा लावला. खासगीपणाच्या मुद्द्यावर 1940 साली अपिलातही तो हरला. लोकांचं कुतूहल आपल्या सोयीनं विझत नाही.

पहिले दोन आठवडे

झोपू द्या. तेरा ते अठरा वयाला 8 ते 10 तास झोप लागते. थकून आलेलं मूल सुरुवातीला त्याहून जास्त झोपलं तर तो आळस समजू नका. आठवडाभरानं उठण्याची वेळ पक्की करा, झोपण्याची आपोआप मार्गी लागते. घरातलं एखादं काम नेमून द्या: भांडी, कपडे, झाडांना पाणी. ते कौतुकाचं नसावं, हे महत्त्वाचं. अशा मुलांना बहुतेक गोष्टी पहिल्या फटक्यात जमत आलेल्या असतात. एखादी गोष्ट बेताची जमली तरी चालतं, हा अनुभवच त्यांच्याकडे नसतो.

धीर देण्याच्या नादात "तू हुशार आहेस, तुला जमेल" म्हणू नका. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हुशारीची तारीफ झालेली मुलं अपयशानंतर लवकर हटली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपल्याला मिळालेले गुण फुगवून सांगितले. अशा तारीफेनं मुलाला लपवायला शिकवलं जातं.

खर्चाचा विषय मुलाच्या कानावर जाईल असा काढू नका. दुसरं भावंड असेल तर तिकडेही बघा. वर्षानुवर्षं घराचं वेळापत्रक एकाच्या सरावाभोवती फिरलेलं असतं. आठवड्यातला एक ठरलेला वेळ फक्त त्या भावंडाचा ठेवा. घर शांत राहायला याचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही, आणि नेमकं हेच राहून जातं.

कारण शोधताना

समोर बसवून उलटतपासणी नको. भांडी पुसताना किंवा चालताना, नजरेला नजर न देता, बोलणं निघतं. मनगट-खांदा दुखतोय का, तिथल्या कुणाचा त्रास होता का, की विषयच नकोसा झालाय, हे वेगळं काढा. दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग सराव. "कुणी त्रास दिला का? मारलं, नकोसा स्पर्श केला?" हे एकदा, सरळ शब्दांत विचारा, उत्तर 'हो' आलं तर परत पाठवण्याची भाषा तिथेच संपली. विषय नकोसा झाला असेल तर सध्या काहीच करायचं नसतं, आणि पालकांना तेच सगळ्यांत जड जातं.

सलग दोन आठवडे उदासी, कशातच रस नाही, जेवण-झोप बिघडलेली असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर त्याच दिवशी, आणि तोवर एकटं सोडू नका.

पुन्हा हात लावला तर

सुरुवात मुलानंच करायची. पहिला आठवडा दिवसातून दोनदा 10 मिनिटं, अधूनमधून पूर्ण सुट्टी, मैफलीची चीज अजिबात नको. पुढे दर आठवड्याला रोजच्या सरावात 10 मिनिटं वाढवा. दुखलं किंवा पोटात गोळा आला तर मागच्या आठवड्यावर या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: बोटांना बरंचसं आठवतं, पण दम आणि सफाई गेलेली असते. हे माहीत नसलेलं मूल पाचव्या मिनिटाला "माझं गेलं" म्हणून पेटी बंद करतं. दार लावू द्या, रेकॉर्डिंग करू नका, बाहेरून "वा" म्हणू नका. पियानोवादक रुथ स्लेन्चिन्स्का हिनं पंधराव्या वर्षी मैफली थांबवल्या आणि 1950च्या दशकात ती पुन्हा मंचावर आली. मध्ये वर्षं गेली.

पाचव्या आठवड्यात बसा. कागद मुलाच्या हातात. थांबायचं, लहान प्रमाणात चालू ठेवायचं की अटी बदलून परत जायचं, यांतलं जे असेल ते त्यानं लिहावं. अटी असतील तर आकड्यांत: दिवसाला किती तास, वर्षाला किती स्पर्धा, सुट्टीचा वार कोणता. फेरविचाराची तारीख तीन महिन्यांनंतरची टाका. तोवर कुणी आजोबा-मावशी "काय ठरलं मग?" म्हणाले, तर उत्तर पालकांनी द्यायचं, मुलानं नाही.